विनोदातला दुसरा माणूस

‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ साली आला. आजही लग्नाच्या पंगतीत, कचेरीत, मोबाइलवरच्या चित्रफितींत त्यातले संवाद फिरत असतात. वाक्य टिकले की श्रेय दोघांना मिळते : ते लिहिणाऱ्या वसंत सबनीसांना आणि ते उच्चारणाऱ्या नटाला. पण ते वाक्य ज्याच्या अंगावर येऊन पडले, त्याचे नाव आठवायला थोडा वेळ लागतो. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे. चित्रपटातल्या अनेक अविस्मरणीय विनोदी प्रसंगांत हशा बोलणाऱ्याच्या तोंडी तयार होतो, पण फुटतो तो ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. आपल्या समीक्षेने ‘टायमिंग’ आणि ‘संवादफेक’ या दोन शब्दांवर विनोदी अभिनयाची बोळवण केली. दोन्ही शब्द बोलणाऱ्याचे आहेत. ऐकण्याच्या अभिनयाला आपल्याकडे धड शब्दही नाही.

हा मुद्दा तपासायला एक सोयीचा पुरावा उपलब्ध आहे. दिग्दर्शक श्रीधर यांनी १९६४ साली ‘कादलिक्क नेरमिल्लै’ हा तमिळ चित्रपट काढला आणि १९६६ साली त्याचाच ‘प्यार किये जा’ हा हिंदी अवतार केला. दोन्हींत एक प्रसंग सारखाच आहे. श्रीमंत पण चिक्कू बाप. मुलाला चित्रपट काढण्याचे वेड. मुलगा बापाला आपल्या भयपटाची गोष्ट ऐकवतो. तमिळमध्ये नागेश सांगतो आणि टी. एस. बालय्या ऐकतात, हिंदीत मेहमूद सांगतो आणि ओमप्रकाश ऐकतात.

गोष्ट म्हणावी असे त्यात फारसे काही नाही. आहेत ते बहुतांशी तोंडाने काढलेले आवाज आणि हातवारे. कागदावर उतरवून काढले तर अर्धे पानही भरणार नाही आणि वाचून कोणी हसणारही नाही. मग प्रेक्षक लोळण घेतो तो कशामुळे? मेहमूदच्या आवाजांमुळे, हे खरेच. पण त्या आवाजांवर विश्वास ठेवणारा एक प्रौढ, व्यवहारी, हिशेबी माणूस समोर बसलेला नसता तर ती निव्वळ नक्कल ठरली असती. ओमप्रकाश आधी बापाच्या तोऱ्यात ऐकतात, मग नकळत गोष्टीत ओढले जातात, आणि शेवटी त्यांचे सगळे अंग भ्यायलेल्या पोराचे होते. एक पैसा न सोडणारा माणूस आपली भीती मात्र फुकट देऊन टाकतो. विनोद या विसंगतीत आहे आणि ती दाखवण्याचे काम सर्वस्वी ऐकणाऱ्याकडे आहे. मेहमूदला या चित्रपटासाठी विनोदी अभिनयाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले आणि ते योग्यच होते. पण पारितोषिकाची रचनाच अशी, की दोघांनी मिळून उभा केलेला प्रसंग एकाच्या नावावर जमा होतो.

हीच कथा १९८५ साली महेश कोठारे यांच्या ‘धूमधडाका’मधून मराठीत आली. वेडा मुलगा झाला लक्ष्मीकांत बेर्डे आणि बाप शरद तळवलकर. लक्ष्मीकांतची लाट तिथून उसळली, हे सगळे सांगतात. पण त्या लाटेला आपटायला एक खडक लागत होता. तळवलकरांसारखा रंगभूमीवर मुरलेला, शब्दाला शब्द न भिडवताही प्रसंग पेलणारा नट समोर होता, हे सांगताना कोणी आढळत नाही.

हे तंत्र आपल्याला बाहेरून आले असेही नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या एकटा बोलत नाही. त्याला ‘मग?’, ‘पुढं?’ असे डिवचणारा, त्याच्या उत्तराने चक्रावणारा जोडीदार लागतो. सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य लिहिले होते. या बतावणीची बांधणी त्यांच्या हाताखालची होती.

‘बनवाबनवी’कडे या नजरेने पाहावे. साडी नेसलेले सचिन आणि लक्ष्मीकांत डोळ्यांत भरतात. अशोक सराफ यांचा धनंजय माने पुरुषाच्याच वेशात राहतो, तरी बनवाबनवीचा सगळा भार त्याच्यावर आहे. दुसरा कोणी काही बोलून बसला, की ते आधीपासूनच ठरलेले होते असा चेहरा करणे हे त्याचे मुख्य काम. साडीतल्या मित्राची बायको म्हणून ओळख करून देताना त्याचे लिंग चुकते, तेव्हा आपण त्या चुकीला हसतो. पण माने स्वतःचे वाक्य स्वतःच ऐकतो, दचकतो आणि तरीही चेहरा सांभाळतो. तिथे सराफ एकाच वेळी बोलणारे आणि ऐकणारे, दोघेही आहेत.

सत्तर रुपयांचा प्रसंग तर सर्वांना पाठ आहे. सुधीर जोशींचे घरमालक सरपोतदार मधुमेहावरच्या औषधासाठी दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, हे मानेंच्या तोंडून ऐकतात. वाक्य सराफांचे. पण कीव, संशय, हिशेब आणि मग उमगलेली फसवणूक हा सगळा प्रवास जोशींच्या चेहऱ्यावर होतो. तो चेहरा झाकून नुसता आवाज ऐकावा. प्रसंग निम्म्यावर येतो.

यावर एक आक्षेप संभवतो. ‘जाने भी दो यारों’ (१९८३) मध्ये सतीश शाह यांचा आयुक्त डिमेलो बराच काळ प्रेत आहे. तो ऐकत नाही, दचकत नाही. तरी प्रसंग रंगतो. मग ऐकणाऱ्याचे महत्त्व कुठे राहिले? भर रस्त्यात शवपेटीतल्या डिमेलोशी गप्पा मारणारा दारूच्या नशेतला आहुजा आठवावा. ओम पुरी तिथे नुसते बोलत नाहीत. प्रेताने न दिलेली उत्तरे ते ऐकतात, त्यावर चिडतात, समजूत घालतात. ऐकण्याचे काम गळून पडलेले नाही. ते बोलणाऱ्याने अंगावर घेतले आहे. आणि सतीश शाह यांनी तिळभरही प्रतिसाद न देण्याचा संयम पाळला, म्हणूनच ते शक्य झाले.

आज प्रसंगांचे तुकडे होऊन वाक्ये तेवढी उरत आहेत. छापील वाक्याला चेहरा नसतो. पुढच्या अभ्यासकाच्या हाती केवळ संवादांची यादी पडली, तर ओमप्रकाश, तळवलकर, सुधीर जोशी हे ‘सहकलाकार’ या एका शब्दात संपतील. चित्रपट अजून पाहता येतात, तोवर एक साधी शिस्त पाळता येईल : विनोदी प्रसंगाची नोंद करताना वहीचे पान मधोमध दुमडावे. डाव्या बाजूला बोलणारा काय म्हणाला ते लिहावे. उजव्या बाजूला, त्याच क्षणी दुसरा काय करत होता ते. उजवी बाजू भरायला डावीपेक्षा जास्त वेळ लागतो.