शस्त्रपूजा आणि शस्त्रकायदा

अमेरिकेतल्या सामूहिक गोळीबाराची बातमी आली की आपल्याकडे एक निदान ठरलेले असते: तिकडे कुटुंबे मोडली, इकडे संस्कार टिकले. मला हे निदान अपुरे वाटते.

आमच्या देऊळगाव राजाच्या शेजारी लखुजी जाधवांचे सिंदखेड राजा आहे. खंडेनवमीला या भागात आजही शस्त्रे पूजली जातात. शस्त्राचे वावडे या मातीला कधीच नव्हते. तरी घरोघरी बंदूक नाही, याचे मोठे कारण १८७८चा शस्त्र कायदा. इंग्रजांनी तो स्वतःच्या धास्तीपोटी केला, काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केले. पण स्वतंत्र भारताने १९५९च्या कायद्यात परवान्याची अट कायमच ठेवली.

३१ जुलै २०२३ रोजी जयपूर-मुंबई एक्स्प्रेसमध्ये पालघरजवळ सरकारी बंदुकीतून गोळ्या सुटल्या. रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन प्रवासी मेले. आरोपी त्याच दलाचा जवान. संस्कारांची ढाल तिथे कामी आली नाही.

संस्कृती निरर्थक आहे, असे मी म्हणत नाही. कोडगूतील कोडवांना परवान्यातून सूट आहे, सणाला ते बंदुकीची पूजा करतात, तरी कोडगूची ओळख हत्याकांडांची नाही. पण ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये पोर्ट आर्थरला ३५ बळी गेल्यावर कायदा बदलला आणि असे प्रकार खूप घटले. संस्कृती काही महिन्यांत बदलत नसते.

बंदूक कशासाठी, हे संस्कृती शिकवते. ती किती हातांत, हे कायदा ठरवतो. म्हणून संस्कारांचा अभिमान जरूर बाळगावा, परवाने सैल करण्यासाठी त्याचा दाखला देऊ नये.