रंगविनिमय आणि झाडीपट्टी : एक तपासणी

तरुण रंगकर्मींसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय विनिमय-योजना आणि निवासी शिष्यवृत्त्या यांच्याविषयी मराठीत जे लिहिले जाते, त्याचा सूर बहुधा प्रवासवर्णनाचा किंवा कृतज्ञतेचा असतो. या योजनांच्या मुळाशी रंगकर्मी, संहिता आणि प्रयोग यांविषयीची एक विशिष्ट धारणा असते. ती ज्या रंगव्यवहाराला लागू पडत नाही, तो व्यवहार विनिमयाच्या कक्षेतच येत नाही. भंडारा जिल्ह्यातील दंडार आणि झाडीपट्टीचे नाटक यांच्या संदर्भात हे विशेष स्पष्टपणे दिसते.

पात्रिस पाविस यांनी सांस्कृतिक विनिमयासाठी वाळूच्या घड्याळाची प्रतिमा योजली आहे. वरच्या भागात मूळ संस्कृती, खालच्या भागात ग्रहण करणारी संस्कृती; मधल्या निरुंद गळ्यातून जे कण जाऊ शकतात तेवढेच खाली पोचतात. पीटर ब्रुक यांच्या 'महाभारता'च्या (१९८५) निमित्ताने रुस्तम भरुचा यांनी घेतलेला आक्षेप याच गळ्याविषयीचा होता. हा आक्षेप मराठी अभ्यासकाला सोयीचा वाटतो, कारण त्यात दोषी दुसरा असतो. परंतु हेच घड्याळ पुणे-मुंबई आणि साकोली-लाखांदूर यांच्यामध्येही उभे आहे.

'घाशीराम कोतवाल'चे उदाहरण घेता येईल. कोकणातील खेळ्यांचा आकार, कीर्तन, दशावतार यांचा अतिशय समर्थ वापर करणारा हा प्रयोग थिएटर अकादमीने १९८० मध्ये युरोपात नेला. प्रयोगाच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. मात्र प्रवासाला गेला तो आकार. तो आकार पिढ्यान्‌पिढ्या वाहणारी माणसे गेली नाहीत. पुढे संगीत नाटक अकादमीने १९८४ ते १९९४ या काळात तरुण दिग्दर्शकांसाठी राबविलेल्या योजनेतही पारंपरिक प्रकारांकडे 'जाणारा' दिग्दर्शक हाच केंद्रस्थानी होता. दिग्दर्शक हा कर्ता आणि लोकप्रकार हे द्रव्य, ही विभागणी तिने पक्की केली. आजच्या निवासी योजनांनी ती जवळजवळ जशीच्या तशी उचलली आहे.

याला छेद देणारे उदाहरण झाडीपट्टीच्या शेजारचेच आहे. गोंदिया वेगळा होण्यापूर्वीच्या, म्हणजे १९९९ पूर्वीच्या, भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेला छत्तीसगड लागून होते. तेथील 'नाचा'च्या कलावंतांना घेऊन हबीब तन्वीर यांनी काम केले. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले तन्वीर १९५५ मध्ये इंग्लंडला गेले, रॉयल अकादमीत प्रशिक्षण घेतले आणि १९५६ मध्ये ब्रेश्टच्या मृत्यूनंतर थोड्याच काळात बर्लिनला पोचले. विनिमयाचे फलित म्हणून हा प्रवास नेहमी सांगितला जातो. त्यानंतरच्या अपयशाची चर्चा मात्र कमी होते. परतल्यावर त्यांनी 'नाचा'च्या नटांकडून हिंदी बोलवून घेतली, हालचाली आखून दिल्या, आणि ते नट अवघडून गेले. भाषा नटांची आणि हालचालही नटांची, हे सूत्र स्थिरावले ते १९७३ च्या रायपूर येथील कार्यशाळेनंतर. युरोपातून आणलेले शिक्षण पंधरा वर्षे विसरत नेल्यावर 'चरणदास चोर' (१९७५) शक्य झाले. १९८२ मध्ये एडिंबरोला पारितोषिक मिळविणाऱ्या या नाटकात नटांची भाषा छत्तीसगढीच होती. विनिमयाचा कालावधी काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा ठरविणाऱ्या कोणत्याही योजनेला हा हिशेब अडचणीचा आहे.

झाडीपट्टीला असा तन्वीर लाभला नाही, असे हळहळत म्हणण्याची प्रथा आहे. ती फसवी आहे; कारण झाडीपट्टीचे नाटक कोणाच्या शोधाची वाट पाहत थांबलेले नव्हते. धानाची कापणी झाली, दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले, की गावोगावचे मंडळ नाटक ठरविते. वैनगंगेच्या खोऱ्यातील वडसा (देसाईगंज) येथे कंपन्यांची कार्यालये उघडतात. नागपूर, पुणे, मुंबई येथील अभिनेत्री हंगामभर तेथे राहतात, 'नाईट' घेऊन रोज वेगळ्या गावी जातात आणि रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. तिकीट काढून बसलेला प्रेक्षक हा या व्यवहाराचा आश्रयदाता असतो. सहनिवास, परक्या भाषिक लकबीशी जुळवून घेणे, अनोळखी सहकलावंतांबरोबर तुटपुंज्या तालमीवर उभे राहणे, म्हणजे निवासी योजनांची जी उद्दिष्टे माहितीपत्रकांत छापली जातात ती सारी, येथे उपजीविकेचा भाग म्हणून घडतात. या रंगभूमीवर आयुष्य घालविलेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली; त्या निमित्ताने राज्याच्या इतर भागांतील अनेकांना हे नाटक आहे हे प्रथमच कळले असावे.

या रंगभूमीचे सारेच स्तुत्य आहे असे नव्हे. शहरी व्यावसायिक नाटकाचे अनुकरण, भडक भावनिकता आणि झाडीबोलीला बहुधा विनोदी पात्रापुरते मिळणारे स्थान, हे दोष ठळक आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांचा जो अभ्यास केला, त्याचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. दंडारीतील सोंगे, गाणी आणि बोली हे कोण्या दिग्दर्शकासाठी साठविलेले द्रव्य नसून स्वतःचे नियम असलेली पद्धती आहे, हे त्यातून दिसते. येथील तरुणाला बाहेरच्या रंगभूमीशी देवाणघेवाण करावयाची असेल, तर या पद्धतीचा जाणकार म्हणून तो उभा राहू शकेल.

शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र त्याला निराळेच विचारतो. 'संकल्पना' काय, 'प्रक्रिया' कोणती, आजवरची वैयक्तिक निर्मिती कोणती? ज्या नाटकात कर्तृत्व लेखक, कंपनी, प्रॉम्प्टर, वादक आणि गावचे मंडळ यांच्यात वाटलेले असते, तेथे 'वैयक्तिक निर्मिती' या रकान्यात प्रामाणिक मनुष्याने काय लिहावे? लिहिलेच, तर त्याला आधी पुणेरी प्रायोगिक दिग्दर्शकाची परिभाषा अंगीकारावी लागते. गळ्यातून जाण्यासाठी कणाने प्रथम आपला आकार घासून घ्यावा, तसे हे आहे. इंग्रजीचा अडसर त्याहून लहान आहे. तो अनुवादकाने दूर होतो.

कालमानाची अडचण वरवर क्षुल्लक वाटते, पण तीच निर्णायक आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव १९९९ पासून बहुधा जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास भरत आला आहे. परदेशी दिग्दर्शक आणि निवडकर्ते भारतात नाटके पाहतात ती प्रायः अशाच महोत्सवांत. झाडीपट्टीचा हंगाम याच महिन्यांत भरात असतो. वर्षाची मिळकत या दिवसांत होत असल्यामुळे लाखांदूरचा नट दिल्लीला जाऊ शकत नाही, आणि निवडकर्ता दिल्ली सोडून लाखांदूरला येत नाही. पावसाळ्यात, नट रोवणीला लागलेला असतो तेव्हा, दोघांनाही सवड नसते. रोवणी आटोपल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस तेवढे उरतात. त्यांत पाहण्यासारखा प्रयोग नसतो, तालमी मात्र असू शकतात.