उसाचा ट्रॅक्टर आणि कोलोरॅडोची प्रश्नावली

'चालकांचा राग' हा विषय पीएच.डी.साठी घ्यायचं मनात असेल, तर पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर एक नाव येणार: ड्रायव्हिंग अँगर स्केल. डेफेनबाकर, ओटिंग आणि लिंच या तिघांनी १९९४ मध्ये ती मांडली. एकूण ३३ विधानं, सहा गट. प्रत्येक विधानात रस्त्यावरचा एक प्रसंग दिलेला असतो आणि त्याचा तुम्हाला किती राग येईल, ते १ ते ५ मध्ये सांगायचं. १४ विधानांची छोटी आवृत्तीही आहे. वेळ कमी असला की सगळे तीच उचलतात.

आपल्याकडचे बरेच विद्यार्थी पुढे काय करतात, ते तुम्हालाही माहीत आहे. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर, शे-दोनशे चालक, क्रॉनबाख अल्फा चांगला आला की 'विश्वसनीयता सिद्ध झाली' असं वाक्य, आणि प्रकरण संपलं. माझी तक्रार इथेच आहे.

आधी श्रेणीच्या बाजूने बोलतो. 'तुम्ही रागीट आहात का?' असा ढोबळ प्रश्न ती विचारत नाही, नेमके प्रसंग देते. हे चांगलंच आहे. घरी शांत असणारा माणूस स्टिअरिंगवर बसला की वेगळा वागतो, हे धरायला असंच काहीतरी लागतं. पण ती कुणाला विचारून तयार झाली? अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांना. म्हणजे बहुतेक स्वतःच्या कामासाठी गाडी चालवणारी तरुण पोरं. ब्रिटनमध्ये लाजुनेन, पार्कर आणि स्ट्रॅडलिंग यांनी १९९८ मध्ये तीच श्रेणी वापरली, तर सहाऐवजी तीनच गट निघाले. भाषा इंग्रजीच, तरी सांगाडा बदलला. मग बारामती-इंदापूर रस्त्यावर तो जसाच्या तसा टिकेल, हे कशावरून?

आता ही प्रश्नावली शेळगावला घेऊन जाऊ. इंदापूर तालुक्यातलं हे गाव, भवानीनगरचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना याच पट्ट्यातला. गाळप हंगामात इथल्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर दिवसरात्र चालू असतात. त्यातल्या एका चालकाला श्रेणीतला प्रसंग वाचून दाखवा: पुढे मोठा ट्रक आहे, त्यामुळे तुम्हाला पुढचं काही दिसत नाही. किंवा: पुढची गाडी डिझेलचा धूर सोडतेय. तो तुमच्याकडे बघून हसेल. कारण पुढचं मोठं वाहन त्याचंच, धूरही त्याचाच! या प्रश्नावलीत तो उत्तर देणारा नाहीच, तो प्रश्नातली अडचण आहे. 'संथ वाहन' या गटात सहा विधानं आहेत आणि ती सगळी मागून हॉर्न मारणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहेत. मग या चालकाने सगळीकडे १ वर खूण केली, तर तो शांत स्वभावाचा ठरेल?

त्याचा राग कुठे असतो? उसाच्या वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. कारखान्याच्या यार्डात नंबर लागला नाही, तर खेप अडते. ट्रॉलीतला ऊस वाळतो, वजन घटतं. वाहनमालकाने कारखान्याकडून उचल घेऊन मुकादमाला दिलेली असते, आणि टोळी आलीच नाही किंवा मध्येच पळाली तर कर्ज मालकाच्या डोक्यावर. बरेचदा मालक आणि चालक एकच माणूस असतो. असा माणूस रात्री दोनला काट्यावरून सुटून रस्त्यावर येतो, समोरून एक कारवाला अप्पर मारतो आणि याचं डोकं फिरतं. श्रेणीत नोंद फक्त अप्परची होणार. आधीची रात्र मोजायला तिच्यात रकानाच नाही.

एसटीचंही तसंच. २५ जानेवारी २०१२ ला पुण्यात स्वारगेट आगारातून एका चालकाने बस पळवली आणि ९ जणांचा जीव घेतला. फाशीची शिक्षा झाली, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली. या विषयावरच्या प्रबंधाची प्रस्तावना या घटनेने सुरू करायचा मोह तुम्हालाही होईल. करू नका. पळवलेली बस त्याच्या ड्युटीची नव्हती आणि वाद रस्त्यावरचा नव्हता, तो ड्युटी बदलून मिळण्यावरून झाला होता. 'ड्रायव्हिंग अँगर'च्या व्याख्येत ही घटना बसत नाही. व्यावसायिक चालकांचा राग नोकरीतून सुटा काढून मोजता येतो का, असा प्रश्न मात्र ती आपल्याला विचारते.

कायद्याला निदान हा संबंध माहीत आहे. २०२५ मध्ये रद्द झालेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ मध्ये दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. पण तो लागू होत असे पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना. एका ट्रॅक्टरचा मालक-चालक त्यात कुठे बसणार होता?

भाषांतराचं तर विचारूच नका. 'अँगर'ला 'राग' लिहून आपण मोकळे होतो. पण वैताग, चिडचिड, कावणं, संताप, डोकं सणकणं हे एकाच पट्टीवरचे १ ते ५ नाहीत. यार्डात येतो तो वैताग, कुणी आईवरून शिवी दिली की येतो तो संताप. वैताग कितीही वाढला तरी त्याचा संताप होईलच असं नाही. शिवाय राग 'येतो' आणि राग 'धरतात', ही क्रियापदंसुद्धा वेगळी गोष्ट सांगतात. म्हणून भाषांतर करून उलट भाषांतर तपासलं, एवढ्यावर थांबू नका. आठ-दहा चालकांसमोर एकेक विधान वाचा आणि 'हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं?' एवढंच विचारा. काही विधानं तिथेच गळून पडतील. जी नवीन येतील ती त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, प्रमाण मराठीत सुधारायला जाऊ नका.

हे सगळं मी का ताणतोय? कारण राग स्वभावात आहे असा निष्कर्ष निघाला, की शिफारस ठरलेली: चालकांसाठी राग-व्यवस्थापनाची एक दिवसाची कार्यशाळा. यार्डातली रांग तशीच, ड्युटीचा तक्ताही तसाच. तुमच्या आकड्यांनी दोष कुणावर टाकला, हे तुम्ही विधानं निवडली तेव्हाच ठरलेलं असतं.

आणि एक साधी गोष्ट. प्रश्नावली आगारप्रमुखांच्या केबिनमध्ये किंवा कारखान्याच्या शेती विभागात बसून भरून घेऊ नका. परवानगी तिथून घ्या, पण माणसांशी बोला बाहेर, चहाच्या टपरीवर, उत्तरपत्रिकेवर नाव आणि गाडी नंबर न लिहिता. पोलिसांविषयीची चार विधानं आणि साहेबांविषयीची तुम्ही नवीन घातलेली विधानं, यांची उत्तरं जागेनुसार बदलतात का, हेही बघता येईल. त्यासाठी निम्मे फॉर्म आत आणि निम्मे बाहेर भरून घ्यावे लागतील. गाइड नाही म्हणाले तर पायलट स्टडीत करा.