ऐकण्याची रोजकीर्द

जमाखर्चाच्या वह्यांत रोजकीर्द निराळी आणि ताळेबंद निराळा, हें कोणत्याही दुकानदारास सांगावें लागत नाहीं. रोजकीर्दींत व्यवहार घडला त्या क्रमानें येतो. ताळेबंदांत तो मांडणाराच्या दृष्टीप्रमाणें येतो. इंटरनेटवरून संगीत ऐकविणाऱ्या सेवांमुळें श्रोत्याच्या ऐकण्याचा हिशेब ठेवण्याची जी प्रथा पडली आहे, तिचें परीक्षण करतांना हा भेद ध्यानांत ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें.

या प्रथेचा उगम एका विद्यार्थ्याच्या उद्योगांत आहे. २००२ सालीं इंग्लंडांतील साउदॅम्प्टन विद्यापीठांत संगणकशास्त्र शिकणाऱ्या रिचर्ड जोन्स यानें 'ऑडिओस्क्रॉब्लर' नांवाची योजना सिद्ध केली. संगणकावर वाजलेलें गाणें तींत आपोआप नोंदलें जाई. २००५ सालीं ती लंडनच्या 'लास्ट.एफएम'मध्यें विलीन झाली, आणि अशा नोंदीस 'स्क्रॉबल' हें नांव रूढ झालें. ही नोंद श्रोता आपण होऊन करवितो व केव्हांही चाळूं शकतो. तेव्हां ती रोजकीर्द होय. 'स्पॉटिफाय' ही सेवा २०१६ सालापासून दरवर्षीं 'रॅप्ड' या नांवानें जो रंगीत गोषवारा श्रोत्याच्या हातीं ठेवते, तो ताळेबंद होय.

या ताळेबंदाचें कौतुक फार होतें, आणि त्यांत गंमत आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो वर्ष संपण्यापूर्वींच प्रसिद्ध होत असल्यामुळें अखेरचे कांहीं आठवडे त्यांत येत नाहींत. डिसेंबरांत पुण्यास सवाई गंधर्व महोत्सव भरतो. तेथील गाण्यानें भारलेला रसिक घरीं येऊन त्याच गायकांचीं ध्वनिमुद्रणें ऐकत बसला, तर त्याचें वर्षांतील सर्वांत उत्कट ऐकणें हिशेबाबाहेर राहतें. मंडपांत बसून ऐकलेलें तर कोणत्याच वहींत चढत नाहीं.

रोजकीर्दही निर्दोष नाहीं. लास्ट.एफएमचा नियम असा कीं, ३० सेकंदांहून मोठें गाणें निम्में किंवा ४ मिनिटें, यांपैकीं जें आधीं घडेल तितकें वाजलें म्हणजे एक नोंद व्हावी. ३ मिनिटांच्या गीतास हें माप ठीक बसतें. तेंच ४५ मिनिटांच्या ख्यालास लावून पाहावें! ४ मिनिटांत विलंबिताची बढत नीटशी सुरूही झालेली नसते. तेथेंच उठून गेलेला श्रोता आणि द्रुत संपेपर्यंत बसलेला श्रोता, या दोघांच्या नांवें एकेकच नोंद पडते. आणि तेवढ्याच अवधींत गीतें ऐकणाराच्या नांवें मात्र १५. अशा नोंदींची नुसती बेरीज करून जो आवड ठरवील, त्यास ख्यालाचा निष्ठावंत श्रोताही गीतांचाच शोकीन दिसेल.

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान हिचें गाणें मुद्रित झालें, तेव्हांपासून अनेक वर्षें आपल्या गवयांस तबकडीच्या एका बाजूवर सुमारें ३ मिनिटांत राग आटोपावा लागे. त्या मापानें गाणें आखूड झालें. आजचें माप गाण्यास हात लावीत नाहीं. तें श्रोत्यासच मापतें, आणि त्यास पुढें काय सुचवावें हेंही अशाच नोंदींवरून ठरतें. म्हणून या मापाची चिकित्सा अधिकच अगत्याची आहे.

मग वही टाकून द्यावी काय? आमचें मत तसें नाहीं. आपल्या अभिरुचीविषयीं मनुष्य स्वतःशींही पुरतें खरें बोलत नाहीं. बैठकींत थोर गवयांचीं नांवें घेणारा घरीं काय ऐकतो, हें वही निर्भीडपणें सांगते. शिवाय, मागणी केल्यास स्पॉटिफाय श्रोत्यास त्याचा संपूर्ण इतिहास देते. त्यांत प्रत्येक वादनाची वेळ, तें किती मिलिसेकंद चाललें, तें मध्येंच सोडलें कीं काय, हें सर्व असतें. ४ मिनिटें आणि ४५ मिनिटें यांतील भेद तेथें शाबूत राहतो. तेव्हां ताळेबंदावर संतुष्ट न राहतां ही रोजकीर्द श्रोत्यानें मागून घ्यावी.

आणि ती त्यानें स्वतः वाचावी. एकाच खात्यावर आजीचे अभंग व नातवाचीं बडबडगीतें वाजणाऱ्या घरांत कोणती ओळ कोणाची, हें यंत्रास सांगतां येत नाहीं. एखादा राग अमुक महिन्यांत रोज रात्रीं कां लावला गेला, हेंही त्या वहींत लिहिलेलें नसतें. तें ज्याच्या घरीं तो वाजला, त्यालाच ठाऊक असतें.