लहान मंडळीचे गायन आणि टिळकांचा अभंग

लहान मंडळीच्या उपासनेची परीक्षा बहुधा चुकीच्या कसोटीवर होते. पेटी सुरात आहे काय, गायकवृंद आहे काय, हेच प्रथम पाहिले जाते. आदिलाबाद जिल्हा पैनगंगेच्या काठी महाराष्ट्रास भिडलेला आहे. मराठी, तेलुगू व गोंडी बोलणारी माणसे तेथे शेजारी राहतात. अशा ठिकाणी दहा-बारा जण उपासनेस जमले, तर उच्चार सारखे नसणार व ओळ मागेपुढे होणारच. तेवढ्यावरून त्या उपासनेस उणी लेखणे आम्हांस मान्य नाही.

या दृष्टीने रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या रचनेचा एक गुण विचारात घ्यावा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ख्रिस्ती भक्तीसाठी अभंग व भजन ही घरची रूपे स्वीकारली. त्यांचे कौतुक देशीपणासाठी होते. आमच्या मते, ही रूपे चुकणाऱ्यास सांभाळून घेतात, हे त्याहून महत्त्वाचे. अभंगात अक्षरे मोजली जातात, पण ऱ्हस्वदीर्घाचे बंधन नाही. चाल एकच नाही. ध्रुपद पुनःपुन्हा येते. निरक्षर मनुष्यही दुसऱ्या खेपेस त्यात मिळून जातो. पाश्चात्त्य चालीवर बसविलेल्या भाषांतरित गीतात मात्र चुकलेला सूर तत्काळ उघडा पडतो, आणि पुढील रविवारी ते तोंड मिटते.

हे निष्काळजीपणाचे समर्थन नव्हे काय? मलाखी लंगड्या व रोगट पशूंच्या अर्पणाचा निषेध करतो, हे खरे. परंतु तेथे कळपात चांगला पशू असता हीन आणला गेला. लेवीयाच्या ५ व्या अध्यायात मात्र, ज्यास मेंढरू परवडत नाही त्याचे दोन होले, आणि तेही नसल्यास थोडे सपीठ पापार्पण म्हणून मान्य होते. पहिले अर्पण राखून ठेवल्यामुळे उणे. दुसरे ऐपतच तेवढी म्हणून लहान. अडखळत गाणारी वृद्धा दुसऱ्या प्रकारात येते. तयारी न करता वेदीजवळ येणारे आपण धर्मगुरू पहिल्या प्रकारात येतो.

म्हणून गीत निवडताना धर्मशिक्षकांनी, सतरंजीच्या कडेला बसलेल्यास आपला आवाज कोठे मिळविता येईल, हे आधी पाहावे. भ्रमणध्वनीवर तयार गीत लावल्यास सूर शुद्ध मिळेल. मंडळी मात्र श्रोता होईल. करिंथकरांस लिहिताना (१ करिंथ १४:१६) पौलाला चिंता होती ती अशिक्षिताला ‘आमेन’ म्हणता येईल की नाही याची. आपली कसोटीही तीच असावी.