राह्या कोणाचा? ‘मुळशी पॅटर्न’च्या नायकावरील वादाविषयी

एखादे कल्पित पात्र पुस्तकातून किंवा पडद्यावरून बाहेर पडून लोकांच्या भांडणाचा विषय होते, तेव्हा त्या भांडणातून पात्रापेक्षा भांडणाऱ्यांविषयीच अधिक कळते. मराठीत याचा ठळक दाखला कर्णाचा. शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ ही दोन्ही पुस्तके १९६७ सालची. सावंतांनी कर्णाला उदात्त केले, तर इरावतीबाईंनी ते उदात्तपण तपासून बाजूला ठेवले. कर्ण निघाला की आजही मराठी वाचकांत दोन पक्ष पडतात. एक त्याची वकिली करतो, दुसरा फिर्याद मांडतो. पात्र म्हणजे आरोपी आणि वाचक म्हणजे न्यायाधीश, ही आपली जुनी सवय आहे.

आमच्या मुळशी तालुक्यात गेली काही वर्षे असाच एक खटला चालू आहे. त्यातला आरोपी म्हणजे राहुल, ऊर्फ राह्या. प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. ओम भूतकर यांनी उभा केलेला हा शेतकऱ्याचा पोरगा गुन्हेगारीत शिरतो, मोठा होतो आणि त्यातच संपतो. चित्रपट जाऊन इतकी वर्षे झाली, पण पौडच्या चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या मांडवात विषय निघाला, की मते अजून तितक्याच जोराने मांडली जातात.

मी ऐकलेल्या मतांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला गट तरुणांचा. राह्या आपला आहे, अपमान गिळून न बसणारा आहे, असे ते म्हणतात. दुसरा गट आईबाप आणि शिक्षकांचा. या सिनेमाने पोरांना गुंडगिरीची चटक लावली, अशी त्यांची तक्रार. तिसऱ्या गटाला दुःख आहे ते नावाचे. भातशेतीचा, वारकऱ्यांचा आणि पैलवानांचा हा तालुका. त्याच्या नावापुढे ‘पॅटर्न’ लागले आणि बाहेरगावी मुळशीचा म्हटले की लोक चमकून पाहू लागले.

दुसऱ्या गटाची तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. ‘अराररा खतरनाक’ हे गाणे वरातीत वाजते, तेव्हा नाचणाऱ्याला राह्याचा शेवट आठवत नसतो. मात्र ही अडचण नवी नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ दारूचा सर्वनाश दाखवते. तरी प्रेक्षक खळखळून हसतो ते तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळालाच. वाईटाची मोहिनी दाखवल्याशिवाय त्याचे भय दाखवता येत नाही आणि मोहिनी दाखवली की कोणीतरी भुलतोच. गडकऱ्यांना जे पूर्णपणे आवरता आले नाही, ते तरड्यांनाही आवरलेले नाही. एवढा दोष चित्रपटाच्या पदरात टाकावाच लागेल.

तरीही माझे म्हणणे वेगळे आहे. हे तिन्ही गट एकाच माणसाकडे पाहत आहेत आणि चित्रपटाचे नाव मात्र माणसाचे नाही. ‘पॅटर्न’ हा शब्द मराठीत रुळला तो ‘लातूर पॅटर्न’मुळे. त्याचा अर्थ ठरलेली रीत, कोणीही गिरवली तरी तोच निकाल देणारी. राह्या हा त्या रीतीचा निकाल आहे. रीत सुरू होते ती त्याच्या बापापाशी, म्हणजे मोहन जोशी यांनी साकारलेल्या सखापाशी. सखा जमीन विकतो, पैसा टिकत नाही, विकलेल्याच जमिनीवर त्याला पहारेकरी म्हणून उभे राहावे लागते आणि पुढे पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली नशिबी येते. राह्याच्या हातात कोयता येण्यापूर्वी सखाने कागदावर सही केलेली असते.

या सहीचे वजन कळण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी मुळशीकरांच्या जमिनी गेल्या, तेव्हा ‘जान किंवा जमीन’ म्हणत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. ते हरले, पण कोणाशी लढायचे हे त्यांना ठाऊक होते. अलीकडच्या काळात, हिंजवडीत संगणक कंपन्या आल्या, भूगाव-पिरंगुटपर्यंत शहर सरकले, तसतशी जमीन राजीखुशीच्या व्यवहारातही गेली. दस्तावर अंगठा आपलाच, सही आपलीच. मग सत्याग्रह कोणाविरुद्ध करायचा?

राह्यावर इतकी भांडणे होतात आणि सखावर एकही होत नाही, याचे कारण मला इथे दिसते. राह्याला डोक्यावर घेता येते किंवा शिव्या देता येतात, कारण तो फार थोड्या घरांत आहे. सखा मात्र गावोगाव आहे. त्याच्याविषयी बोलायचे म्हणजे सातबारावरून कोणाचे नाव कधी कमी झाले, त्या पैशांची गाडी आली की माडी झाली आणि उरले काय, हे आपापल्या ओसरीवर बसून बोलावे लागेल. त्यापेक्षा राह्याचा खटला सोपा.

याची उलटतपासणी आयतीच मिळते. महेश मांजरेकर यांनी २०२१ मध्ये याच कथेवर हिंदीत ‘अंतिम’ केला. त्यात सलमान खान पोलीस अधिकारी झाले आणि साहजिकच कथेचा तोल पोलिसाकडे झुकला. जमीन गेल्याची गोष्ट तिथेही आहे, पण मुख्य प्रश्न उरतो तो गुंडाचा शेवट कोण करणार एवढाच. नावातला बदलही पाहा. एक नाव सांगते, हे या मातीत पुन्हा पुन्हा घडते आहे. दुसरे सांगते, हे संपले. गुंड मेला की ‘अंतिम’ संपतो. ‘मुळशी पॅटर्न’ गुंड मेल्यावरही संपत नाही, कारण पुढच्या सखाची सही अजून व्हायची असते.

म्हणून तालुक्याची बदनामी झाली असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सुचवीन, की हा चित्रपट पुन्हा पाहताना नजर बापावर ठेवावी. राह्या आपला, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. सखा आपला, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.