शिक्षकाची तयारी आणि शिक्षकाचा निर्णय : स्वान अहवालाचे एक परीक्षण

इंग्लंडमधील वांशिक अल्पसंख्य समाजांच्या मुलांच्या शिक्षणाचा विचार करण्यासाठी 1979 साली नेमलेल्या समितीचा 'सर्वांसाठी शिक्षण' हा अहवाल 1985 साली प्रसिद्ध झाला. अध्यक्ष लॉर्ड स्वान यांच्या नावानेच तो ओळखला जातो. त्यातील शिक्षक-प्रशिक्षणाविषयीचे प्रकरण आजही अभ्यासकांनी लक्षपूर्वक वाचावे असे आहे. कारण बहुसांस्कृतिक शिक्षणविचाराचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही तेथे एकत्र आढळतात.

प्रथम अहवालाचे श्रेय नमूद केले पाहिजे. अल्पसंख्य मुलांना कसे शिकवावे, या प्रश्नाऐवजी सर्वच मुलांना बहुविध समाजासाठी कसे शिक्षण द्यावे, हा व्यापक प्रश्न त्याने पुढे मांडला. ज्या शाळेत केवळ गौरवर्णीय मुले आहेत तेथील शिक्षकही त्यामुळे या विचाराच्या कक्षेत आला. ही दृष्टी एखाद्या ऐच्छिक विषयापुरती न राहता प्रशिक्षणाच्या संपूर्ण अभ्यासक्रमात मुरावी, ही शिफारस याच भूमिकेतून आलेली आहे. तथापि जी गोष्ट सर्वच विषयांत असावयाची, ती कोणा एका अध्यापकाची जबाबदारी राहत नाही, हा धोका तीत आहेच.

परंतु खरी अडचण याहून खोल आहे. प्रशिक्षणाने शिक्षकाचे काय बदलावयाचे? त्याची माहिती, त्याची वृत्ती, की त्याचा निर्णय? याच समितीने अँथनी रॅम्प्टन यांच्या अध्यक्षतेखाली 1981 साली सादर केलेल्या अंतरिम अहवालात, सद्भावनेने वागणाऱ्या शिक्षकाच्या मनातही नकळत पूर्वग्रह असू शकतो, असे स्पष्ट म्हटले होते. हे निदान मोलाचे खरे. पण रोग मनात आहे असे मानले की उपचारही मनावरच होऊ लागतात.

वस्तुतः पूर्वग्रहाचे कार्य कोठे चालते, हे बर्नार्ड कोअर्ड या ग्रेनेडाच्या शिक्षकाने 1971 सालच्या आपल्या छोट्या पुस्तिकेत दाखवून दिले होते. इनर लंडनच्या सर्वसाधारण शाळांत 1967 साली स्थलांतरितांच्या मुलांचे प्रमाण सुमारे 15 टक्के असताना, 'शैक्षणिकदृष्ट्या अवसामान्य' ठरविलेल्या मुलांच्या शाळांत ते सुमारे 28 टक्के होते. कसोट्यांची भाषा, त्यांत गृहीत धरलेले मध्यमवर्गीय जीवन आणि नव्या देशात गोंधळलेल्या मुलाची मनःस्थिती यांचा परिणाम बुद्धिमांद्य म्हणून नोंदला जात होता. येथे वंशभेद म्हणजे कोणाच्या तोंडचा अपशब्द नव्हे. तो शिफारसपत्रात उतरलेला निर्णय आहे.

केवळ वृत्तीवर भर दिल्याने काय होते, याचे प्रत्यंतर मँचेस्टरमध्ये आले. बर्नेज येथील शाळेच्या आवारात 1986 साली अहमद इक्बाल उल्ला या 13 वर्षांच्या विद्यार्थ्याची हत्या झाली. तिच्या चौकशीचा मॅकडोनल्ड अहवाल 1989 साली प्रसिद्ध झाला. वंशभेदाविरुद्धच्या कार्याची आवश्यकता त्याने नाकारली नाही. मात्र गौरवर्णीय विद्यार्थी व पालक यांना सरसकट दोषी धरून दूर ठेवणारे नीतिपाठ निष्फळ ठरतात, असा इशारा त्याने दिला.

स्वान अहवालाच्या या प्रकरणात प्रशिक्षणाबरोबरच अल्पसंख्य समाजांतील शिक्षकांच्या नेमणुकीचाही विचार आहे. मराठी वाचकास येथे जोतीराव फुले यांच्या 1882 सालच्या हंटर आयोगापुढील निवेदनाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. जात आणि वंश या एकच गोष्टी नव्हेत; परंतु शिक्षक प्रशिक्षित असावा आणि तो शेतकरीवर्गातून यावा, म्हणजे मुलांत मोकळेपणाने मिसळेल, या दोन्ही मागण्या फुल्यांनी एकत्रच केल्या होत्या.

तात्पर्य, परसंस्कृतीची माहिती आवश्यक आहे आणि आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. परंतु ही दोन्ही शिक्षकाच्या नित्याच्या व्यवहाराशी जोडली गेली पाहिजेत. तपासलेली उत्तरपत्रिका, वर्गाची गटवारी, विशेष शाळेकडे पाठविण्याची शिफारस ही प्रशिक्षणार्थ्यापुढे ठेवून, 'हा निर्णय कोणत्या पुराव्यावर घेतला?' असे त्यास विचारले पाहिजे. स्वान अहवालाने दृष्टी दिली. ही विचारणा मात्र त्याने पुढील पिढीच्या प्रशिक्षकांवर सोपविली आहे.